कामापासून मागे मोजत या: मुंबईत व्यवसाय-कोर्स कसा उभा करावा

मुंबईत एखादी संस्था व्यवसाय-कोर्स काढायचं ठरवते तेव्हा सुरुवात बहुतेक वेळा खोलीपासून होते. शाळेचा एक मजला दुपारी रिकामा असतो, ओळखीतले निवृत्त निदेशक (व्यवसाय शिकवणारे शिक्षक) शिकवायला तयार असतात, देणगीदार मशिनं द्यायला राजी असतो. मग या तिन्हींत बसेल तो कोर्स निघतो. वीस मुलं येतात, प्रमाणपत्रं मिळतात आणि सहा महिन्यांनी त्यातली बरीचशी पुन्हा पार्सल पोहोचवताना दिसतात. शिकवणाऱ्यांनी मनापासून शिकवलेलं असतं, पण कामावर नेमकं काय लागतं हे कुणी आधी विचारलेलंच नसतं.

म्हणून इथे क्रम उलटा धरला आहे. शिकून गेलेल्या मुलाला पहिल्या महिन्यात स्वतःच्या हातानं काय करावं लागेल, तिथून निघायचं आणि मागे मागे येत तास, अवजारं, जागा, शिक्षक ठरवायचे. उदाहरण एकच घेतलं आहे: स्प्लिट एसीची जोडणी आणि दुरुस्ती, वीस जणांची तुकडी. तुमचा विषय शिवणकाम असो, रुग्णसेवा असो की बेकरी, आकडे बदलतील, क्रम हाच राहील.

पहिली पायरी: पंधरा दारं ठोठवा

आधी मालकांकडे जा. पाच कंपन्यांची अधिकृत सर्व्हिस सेंटर्स, पाच गल्लीतली एसीची दुकानं आणि पाच इमारती सांभाळणाऱ्या फॅसिलिटी कंपन्या, म्हणजे बीकेसी, लोअर परळ, मरोळकडची ऑफिसं, हॉटेलं, इस्पितळं. तिन्ही प्रकार हवेतच, कारण तिघांकडचं काम वेगळं असतं. दुकानात नवा मुलगा पहिल्या आठवड्यात शिडीवर चढतो. फॅसिलिटी कंपनीत तो महिनोन्‌महिने फिल्टर धुतो आणि नोंदवही भरतो.

तिथे ‘तुम्हाला मुलं हवीत का?’ असं विचारू नका. सगळे हो म्हणतात आणि त्या होकारावर काहीच उभं करता येत नाही. त्याऐवजी झालेल्या गोष्टी विचारा. गेल्या बारा महिन्यांत किती नवी माणसं घेतली, कोणत्या महिन्यात घेतली, हेल्परला काय दिलं आणि एकट्यानं कॉल (म्हणजे ग्राहकाकडे जाऊन दुरुस्ती) करणाऱ्याला काय देता, किती जण सोडून गेले, का गेले, नव्या मुलाच्या हातून सगळ्यात महागडी चूक कोणती झाली. शेवटी एक मागणी करा: ‘तुमचा चांगला मिस्त्री आम्हाला दोन दिवस द्याल का?’ जो मालक माणूस द्यायला तयार होतो, त्याची गरज खरी धरायला हरकत नाही.

मागणी पुरेशी आहे का हे ठरवायला आम्ही एक ढोबळ मोजमाप सुचवतो. या पंधरा जणांनी मिळून गेल्या वर्षात तुमच्या तुकडीच्या दुप्पट, म्हणजे चाळीस नवी माणसं घेतलेली असावीत. सगळेच तुमच्याकडून घेणार नाहीत, म्हणून दुप्पट. आकडा वीसच्या आसपास आला तर तुकडी बाराची करा. त्याहूनही खाली आला तर विषय बदला.

या फेऱ्या मार्च ते जूनमध्ये मारू नका. तो धंद्याचा हंगाम, तेव्हा कुणाला दोन मिनिटं उसंत नसते. पाऊस लागला की एसीचे कॉल ओसरतात. जुलै-ऑगस्टमध्ये हेच मालक तुमच्यासमोर निवांत बसतील.

दुसरी पायरी: हातानं काम करणाऱ्यांना विचारा

अभ्यासक्रम लिहायला प्राध्यापक किंवा मॅनेजर बसवले की यादीत ‘शीतकरणाची मूलतत्त्वं’ येतात आणि ड्रेन पाइपचा उतार राहून जातो. कॅनडात १९६० च्या दशकात निघालेली ‘डॅकम’ नावाची पद्धत यावर चांगला उपाय आहे. त्यात रोज ते काम करणारे आठ-दहा जण दोन दिवस एकत्र बसतात आणि आपल्या कामाचे तुकडे पाडतात. या दोन दिवसांची मजुरी त्यांना द्या. मिस्त्रीचा दिवस फुकट मागणं बरोबर नाही, आणि फुकट आलेला माणूस दुपारी कॉल आला की उठून जातो.

भिंतीवर मोठे कागद लावा, हातात जाड पेन आणि कार्डं घ्या. एका कार्डावर एक काम, आणि ते क्रियापदानं संपलं पाहिजे. ‘एसीचं ज्ञान’ असं कार्ड बाजूला ठेवा. ‘आउटडोअर युनिटचा ब्रॅकेट भिंतीवर बसवणे’ हे चालेल. दोन दिवसांच्या शेवटी साधारण सहा ते बारा मोठ्या जबाबदाऱ्या आणि त्यांच्याखाली ७५ ते १२५ कामं भिंतीवर असतात. मग प्रत्येक कार्डावर तीन खुणा करून घ्या: हे काम किती वेळा येतं, शिकायला किती जड आहे आणि चुकलं तर काय होतं. कंप्रेसर बदलण्याचं काम नव्या मुलाच्या वाट्याला क्वचितच येतं, ते वगळा. तुंबलेला ड्रेन रोज येतो, तो घ्या. उंचीवर पट्टा लावणं सोपं असलं तरी चुकलं तर जीव जातो, म्हणून ते पहिल्या दिवसापासून.

या बैठकीत एक गोष्ट हमखास निसटते. मुरलेला कारागीर जे सहज करतो ते त्याला सांगायला सुचतच नाही. नळी कापल्यावर आतली कड साफ करताना तो नळीचं तोंड खाली धरतो, म्हणजे कीस आत पडत नाही. तो हे सांगणार नाही, कारण त्याच्या लेखी ती सांगण्यासारखी गोष्टच नाही. नव्या मुलाचा कीस मात्र आत जातो, पुढे कॅपिलरीत, म्हणजे मशिनीतल्या अगदी बारीक नळीत, अडकतो आणि मशीन थंड करत नाही. म्हणून बैठकीनंतर एक पूर्ण दिवस एखाद्या मिस्त्रीबरोबर कॉलवर जा आणि तो काय करतो ते गुपचूप लिहून घ्या.

तिसरी पायरी: प्रत्येक कामाला माप द्या

निवडलेल्या चाळीस-पन्नास कामांचं प्रत्येकी एक पान करा. त्यावर काम, साधनं, निकष, वेळ आणि नेहमी होणारी चूक एवढंच असावं. एक पान असं दिसेल:

काम: पाव इंची तांब्याच्या नळीला फ्लेअर करून (तिचं तोंड बाहेर फाकवून) नटानं जोडणे. साधनं: नळी कटर, रीमर, फ्लेअरिंग संच, टॉर्क रेंच, एसीचं तेल. निकष: नळी काटकोनात कापलेली, आतली कड काढलेली, नट फ्लेअरच्या आधी घातलेला, फ्लेअरचा काठ सगळीकडून सारखा, चीर नाही, नट कंपनीच्या पुस्तिकेतल्या मापाला आवळलेला, कोरड्या नायट्रोजनच्या दाबाखाली साबणाच्या पाण्याला बुडबुडा नाही. वेळ: १५ मिनिटं. नेहमीची चूक: गळू नये म्हणून नट जास्त आवळला जातो, फ्लेअर पातळ होऊन चिरतो आणि महिन्याभरात गॅस जातो.

अशी पानं झाली की अभ्यासक्रमाचा मोठा भाग झालाच. शिक्षक काय शिकवणार, मुलगा कशाचा सराव करणार आणि परीक्षक काय तपासणार, हे तिन्ही एकाच कागदावर येतं. ‘विद्यार्थ्याला फ्लेअरिंगची माहिती असेल’ अशी वाक्यं जिथे जिथे सापडतील तिथे थांबा. माहिती आहे की नाही हे तपासायचं कसं, ते त्या वाक्यात नसतं.

याच टप्प्यावर बाजारातल्या चुकीच्या सवयींचा निर्णय घ्यावा लागतो. नव्या जोडणीतली हवा काढायला व्हॅक्युम पंप न लावता मशीनमधलाच थोडा गॅस सोडून देणं हा प्रकार सर्रास चालतो. मुंबईच्या दमट हवेत असं केलं की ओलावा नळीत राहतो, तेल खराब होतं आणि कंप्रेसरचं आयुष्य घटतं. शिवाय हल्लीच्या बऱ्याच मशिनांतला आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो. तेव्हा मापात स्पष्ट लिहा: पंप लावून आतला दाब ५०० मायक्रॉनच्या (हे पोकळीचं माप) खाली न्यायचा, व्हॉल्व बंद करून दहा मिनिटं थांबायचं, आकडा चढत राहिला तर गळती किंवा ओलावा आहे असं समजायचं. तसंच ‘टॉप-अप’चं. गळती शोधल्याशिवाय गॅस भरायचा नाही आणि भरायचा तो नेमप्लेटवर लिहिलेल्या वजनानं, काट्यावर मोजून. दाब तपासायला नायट्रोजनच वापरायचा, ऑक्सिजन कधीही नाही. तेलाशी गाठ पडली की ऑक्सिजनचा स्फोट होतो. दुकानात गेल्यावर कुणी मुलाला ‘एवढं कशाला?’ म्हणेल. त्याला कारण ठाऊक असलं तर तो ठाम राहू शकेल, म्हणून प्रत्येक मापापुढे ‘का’ची एक ओळ लिहा.

जुना आर-२२ गॅस भारतात २०३० पर्यंत बंद होत आहे, पण त्यावरची जुनी मशिनं अजून घराघरांत आहेत. त्यामुळे आर-२२, आर-४१०ए आणि आर-३२ या तिन्हींची ओळख ठेवा. सराव मात्र मुख्यतः नव्यांवर.

चौथी पायरी: तास आणि कॅलेंडर

पानं मोजली की तास निघतात. आमच्या उदाहरणात ४८० तास धरू: केंद्रावर ३६० आणि प्रत्यक्ष कामावर १२०. केंद्रावरच्या ३६० पैकी २५० हातानं काम, ७० वर्गातली माहिती आणि ४० ग्राहकाशी बोलणं, जॉब कार्ड भरणं, बिल करणं, वेळ पाळणं यासाठी. हातकामाचे २५० तास असे वाटले जातात: तांब्याची नळी आणि ब्रेझिंग (टॉर्चनं तापवून नळ्या सांधणं) ५५, वीज आणि बिघाड शोधणं ५५, जोडणी आणि उंचीवरचं काम ४५, धुलाई-सर्व्हिस २५, व्हॅक्युम आणि गॅस ४०, फ्रिज ३०.

शेवटचे फ्रिजचे तीस तास काटकसरीत कापू नका. पावसाळ्यात एसीचं काम थांबतं, दुकानदार नव्या मुलांना ‘दिवाळीनंतर ये’ म्हणतो आणि तुमचा मुलगा या धंद्यातून कायमचा बाहेर पडतो. फ्रिज मात्र बारा महिने बिघडतात. हे तीस तास त्याला जुलै ते सप्टेंबर तग धरायला मदत करतात.

रोज चार तास, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे २४ तास. केंद्रावरचे ३६० तास पंधरा आठवड्यांत होतात. प्रत्यक्ष कामावर रोज आठ तास धरले तर १२० तासांना अडीच आठवडे. दिवाळीचा एक आठवडा सोडा. एकूण साडेअठरा आठवडे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली तर फेब्रुवारीच्या मध्याला तुकडी बाहेर पडते. नेमकं तेव्हाच उन्हाळ्याआधीच्या सर्व्हिसिंगचे कॉल सुरू होतात आणि दुकानदार माणसं शोधायला लागतो. हीच तुकडी दहावी-बारावीच्या निकालानंतर जूनमध्ये सुरू केली तर ती ऑक्टोबरच्या सुमारास, हे कॉल सुरू होण्याच्या कितीतरी आधी बाहेर पडते. प्रवेशाला जून सोयीचा वाटतो, त्या सोयीपायी नोकऱ्या जातात.

वेळही विचार करून ठेवा. बदलापूर किंवा नालासोपाऱ्याहून येणारा मुलगा अवजारांची पिशवी घेऊन सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये चढू शकत नाही. वर्ग साडेसात ते साडेअकरा किंवा साडेअकरा ते साडेतीन ठेवला तर हजेरी टिकते. केंद्र स्टेशनपासून दहा मिनिटांच्या चालीवर असावं. शेअर रिक्षाचे रोजचे पैसे हेही मुलं कोर्स सोडण्याचं एक कारण असतं.

पाचवी पायरी: हाताला मिळणारी मिनिटं मोजा

संपूर्ण आखणीत हाच हिशेब आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तोच सर्वांत कमी केला जातो. तीन तासांच्या प्रात्यक्षिकात एका मशिनीभोवती वीस मुलं उभी केली तर प्रत्येकाच्या हाताला नऊ मिनिटं येतात. पाच-पाचच्या चार गटांना चार मशिनं दिली तर छत्तीस मिनिटं. दोघांत एक टेबल असेल तर नव्वद. फ्लेअर, ब्रेझिंग, वायर जोडणं ही बघून येणारी कामं नाहीत, त्यामुळे तुकडीचा दर्जा या मिनिटांवर ठरतो.

वीस एसी विकत घेण्याची मात्र गरज नाही. कामाचे चार कोपरे करा आणि गट दर तीन दिवसांनी फिरवा. पहिल्या कोपऱ्यात व्हाइस लावलेली टेबलं आणि तांब्याची नळी. दुसऱ्यात लाकडी बोर्डांवर बसवलेले कॅपॅसिटर, रिले, सेन्सर, पंख्याची मोटर. तिसऱ्यात भिंतीवर लावलेली दोन चालू मशिनं. चौथ्यात दोन जुनी मशिनं, पुन्हा पुन्हा उघडायला आणि धुवायला. ही जुनी मशिनं सर्व्हिस सेंटरकडे एक्सचेंजमध्ये आलेली मिळतात.

वीस जणांसाठी यादी अशी धरा: नळी कटर, रीमर, फ्लेअरिंग संच आणि क्लॅम्प मीटर प्रत्येकी पाच; मॅनिफोल्ड गेज, व्हॅक्युम पंप, टॉर्क रेंचचा संच आणि हॅमर ड्रिल प्रत्येकी दोन; मायक्रॉन गेज, गॅसचा वजनकाटा, गॅस परत काढून घेणारं रिकव्हरी मशीन आणि रेग्युलेटरसह नायट्रोजनचा सिलिंडर प्रत्येकी एक; अंगभर बसणारे सुरक्षा पट्टे पाच. हातअवजारं नागदेवी स्ट्रीटला आणि विजेचं सामान लोहार चाळीत हिंडून घ्या. खरेदीला शिकवणारा माणूस बरोबर असू द्या. एकटा हिशेबनीस गेला की स्वस्त फ्लेअरिंग संच येतो आणि मग मुलं पंधरा आठवडे वाकडे फ्लेअर करत बसतात.

खपाचं सामान लोक विसरतात. एका मुलानं तीस फ्लेअर करायचे, प्रत्येक फ्लेअरनंतर अडीच सेंटीमीटर तुकडा कापून टाकायचा, म्हणजे त्याला ७५ सेंटीमीटर नळी लागते. वीस मुलांना १५ मीटर. ती पन्नास फुटांची एक पूर्ण गुंडाळी झाली. ब्रेझिंग आणि वाया जाणारं धरून निदान दोन गुंडाळ्या हव्यात. अर्थसंकल्पात ही ओळ नसेल तर डिसेंबरमध्ये नळी संपते आणि उरलेले दिवस शिक्षक फळ्यावर फ्लेअर काढून दाखवतात.

जागा, वीज, आग, पाणी

तळमजल्यावरचा औद्योगिक गाळा उत्तम. शाळेचा वरचा मजला घेणार असाल तर आधी सिलिंडर वर न्यायला परवानगी आहे का ते विचारा. राहत्या सोसायटीत ब्रेझिंगचा टॉर्च पेटवायचा विचार सोडून द्या.

विजेचा मंजूर भार बिलावर लिहिलेला असतो, तो वाचा. दीड टनाची चार मशिनं एकदम चालली तर सहा किलोवॅटच्या आसपास भार येतो. वर पंप, ड्रिल, पंखे. दहा किलोवॅटची मंजुरी असेल तर निर्धास्त राहता येतं. जुन्या हॉलमधल्या मीटरवर हे चालत नाही, पहिल्याच आठवड्यात एमसीबी पडू लागतो. भार वाढवायचा अर्ज शहरात बेस्टकडे, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानीकडे आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरणकडे जातो. हा अर्ज कोर्सची जाहिरात करण्याआधी द्या. प्रत्येक टेबलाच्या मागे ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (शॉक लागताच वीज तोडणारा स्विच) हवाच आणि अर्थिंग परवानाधारक माणसाकडून मोजून घ्या.

आर-३२ च्या कामाला हवा खेळती पाहिजे. आगीसाठी कार्बन डायऑक्साइडचं एक आणि कोरड्या पावडरचं एक अशी दोन विझवणी दाराजवळ ठेवा, टॉर्चच्या मागे नकोत. उंचीच्या सरावासाठी लोखंडी चौकटीची आठ फुटी खोटी भिंत करा. वर पट्टा अडकवायला पक्का हुक, खाली गादी. मुंबईत आउटडोअर युनिट खिडकीबाहेर लटकलेलं असतं आणि मुलाला अखेर तिथेच जायचं असतं. पट्टा घालून हुक अडकवण्याची सवय जमिनीपासून सहा फुटांवर लागली पाहिजे, सहाव्या मजल्यावर नव्हे.

कुर्ला, शीव, हिंदमाता अशा पाणी साचणाऱ्या भागात गाळा असेल तर पंप, मीटर, कंप्रेसर दोन फुटी कट्ट्यावर ठेवा. २६ जुलै २००५ चं पाणी पाहिलेला कुठलाही गाळेवाला तुम्हाला हेच सांगेल.

शिक्षक

दोन माणसं हवीत. एकजण टॉर्चवर लक्ष ठेवत असताना दुसऱ्यानं विजेचा कोपरा बघायला हवा, हे एका माणसाला झेपत नाही. सर्वांत चांगली जोडी म्हणजे आठ-दहा वर्षं कॉल केलेला मिस्त्री आणि शिकवायचं शास्त्र शिकलेला निदेशक. निदेशकांसाठीचं एक वर्षाचं प्रशिक्षण चुनाभट्टी-शीवच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत होतं. तिथून बाहेर पडणाऱ्यांकडे चौकशी करा.

मिस्त्री शिकवायला लागला की एकच अडचण येते: मुलाचा हात चुकला की तो अवजार हातातून काढून घेतो आणि स्वतः करून टाकतो. त्याच्या स्वभावातच काम पुरं करणं असतं. त्याला पहिल्या आठवड्यात एक नियम सांगा. एकदा पूर्ण करून दाखवायचं, दुसऱ्यांदा बोलत बोलत सावकाश दाखवायचं, तिसऱ्यांदा मुलानं सांगायचं आणि आपण करायचं, चौथ्यांदा मुलानं करायचं आणि आपले हात पाठीमागे.

मान्यतेचं काय?

तीन वाटा आहेत. आयटीआयचा पूर्ण दोन वर्षांचा ट्रेड. राज्याच्या कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाशी संलग्न प्रमाणपत्र कोर्स. किंवा व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेनं, म्हणजे एनसीव्हीईटीनं, मान्य केलेली लघु मुदतीची पात्रता, जी एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत राबवायची. छोट्या संस्थेला पहिली वाट झेपत नाही. कुर्ला, मुलुंडची सरकारी आयटीआय ते काम करतातच. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेसाठी मंडळाकडे किंवा त्या संस्थेकडे जाऊन जागा, अवजारं आणि शिक्षकांच्या पात्रतेचे चालू नियम लेखी घ्या आणि तुमची यादी त्यांच्याशी पडताळून पाहा. व्यवसाय शिक्षण संचालनालय महापालिका मार्गावर, सीएसएमटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात ३० तासांना एक श्रेयांक (क्रेडिट) धरतात, त्यामुळे ४८० तासांचे १६ होतात. हे श्रेयांक मान्य पात्रतेलाच मिळतात, तुमच्या घरच्या प्रमाणपत्राला नाहीत. पहिली तुकडी बारा जणांची, स्वतःच्या प्रमाणपत्रावर काढायची आणि तोवर मान्यतेचा अर्ज चालवायचा, ही वाट आम्हाला पटते. चुका स्वस्तात कळतात. फक्त पत्रकावर ‘शासनमान्य’ हा शब्द मान्यता हातात येईपर्यंत छापू नका आणि पालकांना तोंडीही तसं सांगू नका.

मुलांची निवड

दहावी पासची अट सवयीनं घातली जाते. एखाद्या पात्रतेच्या नियमातच ती असेल तर पाळा. नाहीतर विचार करा, दहावीला गणितात अडकलेला, चार वर्षं हेल्पर असलेला मुलगा बाहेर का ठेवायचा? त्याऐवजी दोन दिवसांची ओळख-शाळा घ्या. मशीन उघडू द्या, शिडीवर चढू द्या, नेमप्लेट वाचून व्होल्ट आणि अँपिअर लिहायला सांगा, रंगीत वायरी वेगळ्या करायला द्या. उंचीला घाबरणारा मुलगा इथेच कळतो. त्याला फॅसिलिटी कंपनीतल्या कामाची वाट दाखवता येते. मुलींना आवर्जून बोलवा, पण स्वतंत्र स्वच्छतागृह आणि उजेडात घरी पोहोचता येईल अशी वेळ या दोन गोष्टी आधी करा. प्रत्यक्ष कामावर उंचीवर जायचं असल्यानं वय १८ पूर्ण असावं.

कामावरचे १२० तास आणि त्यानंतर

एका मालकाकडे दोनपेक्षा जास्त मुलं पाठवू नका. करारात संस्था, मालक आणि मुलगा या तिघांच्या सह्या असू द्या आणि मुलगा कुणाच्या हाताखाली राहणार त्या माणसाचं नाव लिहा. अपघात विमा तुम्ही काढा. मुलाच्या वहीत तुमच्या पानांवरची कामं छापलेली असावीत. केलं की मिस्त्रीची सही. आठवड्यातून एकदा वही बघायला जा. सगळ्या सह्या ‘सामान वाहणे’ आणि ‘धुलाई’पुढेच दिसल्या तर मुलाचा फक्त हमालासारखा वापर चालला आहे. मालकाशी बोला, फरक पडला नाही तर जागा बदला.

नोकरीबरोबर ॲप्रेंटिसशिपची वाटही खुली ठेवा. १९६१ च्या कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के ॲप्रेंटिस घ्यावे लागतात. राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत ठरलेल्या विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. मोठ्या फॅसिलिटी कंपन्यांच्या एचआरला हे माहीत असतं, पण योग्य मुलं सापडत नाहीत. तिथे तुमची यादी घेऊन जा. गल्लीतल्या दुकानाला ही सक्ती नाही, त्याच्याशी सरळ पगारावर बोला.

परीक्षा

शंभरपैकी गुण देऊ नका. पानांवरच्या निकषांपुढे ‘झालं’ किंवा ‘नाही’ एवढंच. शेवटच्या दिवशी मशिनांत मुद्दाम बिघाड करून ठेवा: मेलेला कॅपॅसिटर, तुटलेला सेन्सर, सैल फ्लेअर, तुंबलेला ड्रेन, इनडोअर-आउटडोअरमधल्या उलट्या वायरी. प्रत्येकाला चिठ्ठीनं दोन बिघाड, पाऊण तास, आणि शेवटी परीक्षकाला ग्राहक समजून काय झालं होतं ते साध्या मराठीत किंवा हिंदीत सांगणं. मेन बंद न करता झाकण उघडलं किंवा पट्टा न लावता चढला, तर बाकी सगळं अचूक असूनही नापास. आठवड्यानं पुन्हा परीक्षा. परीक्षक बाहेरचा हवा, शक्यतो त्या पंधरा मालकांपैकी कुणाचा तरी मिस्त्री. बऱ्याचदा तो जाताना एखाद्या मुलाचा नंबर घेऊन जातो.

पैसे

खर्च तीन ढिगांत मांडा: एकदाच होणारा (मशिनं, अवजारं, वायरिंग), दर महिन्याचा (भाडं, पगार, वीज) आणि दर मुलामागचा (नळी, गॅस, विमा, गणवेश). मग एकूण रकमेला प्रवेश घेतलेल्यांच्या संख्येनं भागू नका. काम लागून तीन महिने टिकलेल्यांच्या संख्येनं भागा. तो आकडा मोठा येतो, पण देणगीदारासमोर तोच ठेवा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खालचा सीएसआर (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा) निधी व्यवसाय कौशल्यांसाठी चालतो. या निधीतून यंत्रं घ्यायला कंपन्या उत्सुक असतात, पगाराला कमी. वाटाघाट पगारावरच करा.

फी थोडी तरी घ्या, हप्त्यांत. शेवटच्या हप्त्याऐवजी मुलाला स्वतःचा हातअवजारांचा संच घेऊ द्या. स्वतःचा कटर आणि मीटर खांद्यावर घेऊन आलेल्या मुलाला दुकानदार पहिल्याच दिवशी वेगळ्या नजरेनं बघतो.

नंतरचे सहा महिने

पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात प्रत्येकाला फोन करा. कुठे आहेस, पगार किती, हातात रोख येतो की खात्यात, एकट्यानं कॉल करतोस का, आणि कोर्समध्ये कोणती गोष्ट कमी पडली. खात्यातली नोंद किंवा पगाराची पावती दिसल्याशिवाय ‘नोकरी लागली’ असं लिहू नका. फेब्रुवारीत बाहेर पडलेल्या तुकडीचा सहावा महिना ऑगस्टमध्ये येतो, मंदीच्या मधोमध. त्याच सुमाराला मालक आणि मिस्त्री पुन्हा मोकळे असतात. मुलांनी सांगितलेल्या उणिवा घेऊन त्यांच्यातल्या पाच-सहा जणांना अर्धा दिवस बोलवा, कामांची पानं टेबलावर पसरा, कोणती काढायची आणि कोणती नवी घालायची ते ठरवा. ऑक्टोबरची तुकडी त्या नव्या पानांवर सुरू होईल.